श्वासनलिकादर्शन

श्वासनलिकादर्शन : मुख्य श्वासनलिका व तिच्या शाखा दुर्बिणीसारख्या उपकरणाने आतून पाहण्याची परीक्षा. प्रौढ व्यक्तीत आठ आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या खोकल्याचे कारण इतर तपासण्यांनी सापडत नाही, तेव्हा ती विशेष उपयोगी पडते. दमा, नाकातील स्राव घशात उतरणे, जठरातील आम्ल अन्ननलिकेत चढणे, धूम्रपान व क्षयरोग या नेहमीच्या कारणांचा विचार अर्थातच आधी करावा लागतो.

गोंदिया जिल्ह्यात (१ मे १९९९ पूर्वी भंडारा जिल्ह्याचा भाग) भातगिरण्या व विडी-उद्योग हे जुने व्यवसाय आहेत. कोंड्याची धूळ, तंबाखूची भुकटी, चुलीचा धूर व विडी ओढणे यांमुळे खोकल्याचे कारण तेथे चटकन सांगता येते आणि नेमक्या याच सोयीमुळे दुर्मिळ कारण दडून राहते. दोन आठवडे खोकला असल्यास क्षयरोगासाठी थुंकी तपासतात. मात्र थुंकीत जंतू न सापडणे व छातीचे क्ष-किरण चित्र निर्दोष असणे, एवढ्यावरून नलिकेचा विकार नाही असे ठरत नाही. खुद्द क्षयरोगच कधीकधी नलिकेच्या भित्तीपुरता मर्यादित असतो. नलिका अरुंद झाल्याने छातीत शीळ वाजते आणि रुग्णावर दम्याचे उपचार होत राहतात. दर्शकातून व्रण किंवा दह्यासारखा पांढरा थर दिसतो व तेथील ऊतकाचा तुकडा तपासून निदान पक्के करता येते.

श्वासमार्गात अडकलेला पदार्थ हे दुसरे फसवे कारण होय. सुपारीचे खांड किंवा भुईमुगाचा दाणा साध्या क्ष-किरण चित्रात सहसा दिसत नाही आणि ठसका लागल्याचा प्रसंगही रुग्ण विसरलेला असतो. फुप्फुसाच्या एकाच भागात पुन्हापुन्हा न्यूमोनिया झाल्यास असा संशय घ्यावा. उजवी श्वासनलिका अधिक रुंद व उभी असल्याने पदार्थ बहुधा तिकडे जातो. या परीक्षेचा आरंभही अशाच रुग्णापासून झाला : गुस्टाफ किलियन यांनी १८९७ मध्ये जर्मनीत एका रुग्णाच्या श्वासनलिकेतून हाडाचा तुकडा काढला.

काही विकार केवळ पाहूनच ओळखता येतात. श्वासनलिकेच्या पुढील व बाजूच्या भित्तींवर अस्थि-उपास्थींच्या गाठी असून मागील, उपास्थिरहित भित्ती मोकळी असेल, तर तो एक विशिष्ट, बहुधा निरुपद्रवी विकार असतो. गुळगुळीत, लालसर कार्सिनॉइड अर्बुदाचा तुकडा घेताना मात्र रक्तस्रावाचा धोका असतो. भित्ती मऊ पडून उच्छ्वासाच्या वेळी मिटत असेल, तर रुग्ण स्वतः श्वास घेत व खोकत असतानाच तपासणी करावी लागते. पूर्ण भूल दिल्यास हा दोष निसटतो. बऱ्या झालेल्या क्षयरोगातील चुनखडीयुक्त लसीका ग्रंथी नलिकेत घुसते, तेव्हा रुग्ण क्वचित खडाच खोकून टाकतो. लगतच्या छत्तीसगढमध्ये आढळणारा ऱ्हायनोस्पोरिडियम रोग तळ्यातील स्नानाशी निगडित मानतात. तो मुख्यतः नाकात होतो, पण क्वचित श्वासनलिकेतही उतरतो. पांढऱ्या ठिपक्यांची, तुतीसारखी लाल व सहज रक्त येणारी गाठ ही त्याची खूण असून तळ्यांच्या गोंदियात ती ध्यानात ठेवणे योग्य ठरते.

जपानचे शिगेटो इकेडा यांनी १९६० नंतरच्या दशकात प्रकाशीय तंतूंचा लवचिक दर्शक प्रचारात आणला. तो बहुधा नाकावाटे, घसा बधिर करून घालतात; तत्पूर्वी काही तास उपाशी राहावे लागते. लहान मुलांच्या श्वासमार्गातील पदार्थ काढण्यासाठी पूर्ण भुलेखाली कठीण नळीचा दर्शक वापरणे सामान्यतः अधिक सुरक्षित असते.