विहिरीत टाकायची पावडर घरात घातक कधी ठरते? साठवण, वापर आणि चुका. समजून घ्या सोप्या भाषेत

मालेगाव (जि. वाशिम) : पावसाळा लागून विहिरीचे पाणी गढूळ झाले की घरोघरी टीसीएलची, म्हणजे ब्लिचिंग पावडरची आठवण होते. पावडर आणली जाते, चार चमचे वापरली जाते आणि उरलेली पिशवी न्हाणीघराच्या कोपऱ्यात किंवा खताच्या पोत्याजवळ जाऊन पडते. काळजी घ्यायची गरज इथूनच सुरू होते.

घरी जलतरण तलाव नाही, मग हा विषय आपला कसा, असे अनेकांना वाटेल. मात्र तलावाच्या पाण्यात जंतू मारणारा आणि आपल्या विहिरीत जंतू मारणारा क्लोरीन एकच आहे. फरक फक्त तीव्रतेचा. चांगल्या ब्लिचिंग पावडरीत क्लोरीन सुमारे ३३ टक्के असतो. तलावासाठी मिळणाऱ्या दाणेदार क्लोरीनमध्ये तो ६५ ते ७० टक्के, तर पांढऱ्या गोळ्यांमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास असतो. फार्महाऊस किंवा मंगल कार्यालयाच्या तलावासाठी असा माल घरी आणून ठेवणाऱ्यांनी तर दुप्पट सावध राहावे.

सर्वांत मोठी चूक कोणती?

ब्लिचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र करणे. संडासाचे डाग जात नाहीत म्हणून आधी पावडर टाकली जाते, मग वरून ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर ओतले जाते. दोन्ही एकत्र आले की लगेच क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे शस्त्र म्हणून वापरला गेला, तो हाच वायू. बंद न्हाणीघरात तो थोडा सुटला तरी डोळे चुरचुरतात, खोकल्याची उबळ येते, छाती आवळल्यासारखी होते.

हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो. त्यामुळे तो वर न जाता जमिनीलगत साचतो. खाली बसून फरशी घासणाऱ्याला आणि लहान मुलांना त्याचा त्रास आधी होतो.

शेतकऱ्याच्या घरात वेगळा धोका

सोयाबीनच्या पट्ट्यात खत, फवारणीची औषधे, पंपाचे तेल आणि डिझेल बहुधा एकाच खोलीत असते. ब्लिचिंग पावडर स्वतः पेटत नाही, पण दुसऱ्या वस्तूला पेटायला मदत करते. तेल, डिझेल, बारदान यांच्याशी तिचा संपर्क आला तर आग लागू शकते. युरियाशी मिसळल्यास स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. म्हणून खताच्या खोलीत ही पावडर ठेवूच नये. तलावाच्या गोळ्या आणि ब्लिचिंग पावडर यांचेही जमत नाही. दोन्ही क्लोरीनच, म्हणून एकाच डब्यात ओतू नयेत. त्यातूनही आग किंवा स्फोट होऊ शकतो.

साठवण कशी करावी?

• जागा कोरडी, थंड, अंधारी आणि हवेशीर हवी. विदर्भाच्या उन्हाळ्यात तापणारी पत्र्याची खोली नको.
• घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा वापरावा. लोखंडी डबा गंजतो.
• डब्यावर नाव आणि खरेदीची तारीख लिहावी. पिठाच्या किंवा साखरेच्या जुन्या डब्यात पावडर भरू नये.
• ॲसिडची बाटली दुसऱ्या खोलीत ठेवावी. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ॲसिड कधीही भरू नये.
• गरजेपुरतीच पावडर आणावी. ओल, ऊन आणि हवा लागली की तिच्यातील क्लोरीन उडून जातो, मग ती टाकूनही पाणी शुद्ध होत नाही.

जुना साठा विसरणे किती महागात पडते, हे मुंबईने पाहिले आहे. १४ जुलै २०१० रोजी शिवडीत पोर्ट ट्रस्टच्या आवारात वर्षानुवर्षे पडून असलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि शंभरहून अधिक लोकांना त्रास झाला. घरातला डबा म्हणजे सिलिंडर नव्हे, पण धडा तोच आहे.

विहिरीत किती टाकावी?

अंदाजाने अर्धी पिशवी ओतणे चुकीचे. चांगल्या प्रतीची पावडर १,००० लिटर पाण्याला साधारण २.५ ग्रॅम पुरते. विहिरीचा व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर खोल असेल, तर पाणी सुमारे ३७,७०० लिटर भरते. त्याला पावडर लागते जेमतेम ९५ ग्रॅम.

प्लास्टिकच्या बादलीत आधी थोडे पाणी घ्यावे. कोरड्या चमच्याने त्यात पावडर टाकून कालवावी, मग बादली पाऊण भरावी. पावडरीवर पाणी ओतू नये, पाण्यात पावडर टाकावी. दहा मिनिटांत चुना तळाशी बसतो. वरची निवळी तेवढी विहिरीत सोडावी, गाळ सोडू नये. त्यानंतर किमान एक तास पाणी उपसू नये. हे काम रात्री केले तर उत्तम. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. तोंडाला बांधलेला रुमाल वायू अडवत नाही.

मुलांसाठी उन्हाळ्यात अंगणात फुगवायचा टब मांडला असेल, तर त्यात पावडर टाकूच नये. रोजचे पाणी रोज ओतून द्यावे आणि टब वाळवावा.

वायू सुटलाच तर?

डबा उचलायला किंवा पाणी ओतायला थांबू नका. सर्वांना घेऊन मोकळ्या हवेत, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला आणि उंच जागी जा. डोळ्यांत किंवा अंगावर पावडर गेली तर कपडे काढून १५ ते २० मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा. पोटात गेल्यास उलटी करायला लावू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक निःशुल्क आहे. वायू छातीत गेलेल्या माणसाला लगेच बरे वाटले तरी दवाखान्यात दाखवाच. फुप्फुसात पाणी होण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.

पावडरीचा डबा आणि ॲसिडची बाटली आज घरात शेजारी शेजारी असतील, तर त्यांतली एक वस्तू आत्ताच दुसरीकडे हलवा.