पाऊस आला, गवत वाढलं, मशीन मात्र जिन्याखाली!

बंगल्यांची नि सोसायट्यांची हिरवळ कापून देण्याचा धंदा पुण्या-नाशिककडे आता चांगला रुळला आहे. ‘हे’ मशीन घेऊन हिंडतात. फोन, वही, मजुरी, बिलं मात्र घरातली बाईच सांभाळते. आठ महिने गाडा सुरळीत चालतो. मृग लागला की खरी परीक्षा! गवत कधी नव्हे इतकं वाढतं, आणि कापायला कोरडा दिवस मिळत नाही. आषाढात झड लागली की गिऱ्हाइकांचे फोन सुरू, मशीन जिन्याखाली, आणि हाताखालचा पोऱ्या दाराशी बसून. त्याची मजुरी द्यायची कुठून?

म्हणून आधी पैशाचं बोलू. एका खेपेचा दर ठरवून काम घेतलंत तर पावसाळ्यात हाल ठरलेलेच. त्यापेक्षा वर्षाचा करार करावा. पावसाळ्याच्या चार महिन्यांत महिन्याला चार खेपा आणि उरलेल्या आठ महिन्यांत दोन-दोन धरल्या, तर वर्षाच्या ३२ होतात. खेपेला समजा ६०० रुपये ठरले, तर वर्षाचे १९,२०० आणि महिन्याचा हप्ता १,६००. जुलैत दोनच खेपा झाल्या तरी हप्ता येतो, पोऱ्याचा पगार निघतो. पण हे तोंडी ठेवू नका, बरं का! ‘पावसाने चुकलेली खेप पुढच्या उघडिपीला, नाहीतर त्याबदली निंदणी व कडा कापणे’ हे वाक्य कागदावर हवंच. नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी महिनाअखेर बोटं मोजून पैसे कापतात, आणि त्यांचंही अगदीच चूक म्हणता येत नाही.

गिऱ्हाईक विचारतं, “थोडं ओलं असलं म्हणून काय झालं?” बरंच काही होतं. ओलं गवत पात्याखाली आडवं पडतं, सरळ कापलं जात नाही, फाटतं. मशीनच्या पोटात लगदा बसतो. त्याचे गोळे हिरवळीवर राहिले की खालचं गवत गुदमरून पिवळं पडतं. चाकांच्या चाकोऱ्या उठतात, माती दडपते आणि मग तिथे पाणी साचत राहतं. परीक्षा सोपी आहे: हिरवळीवर पाऊल दाबावं. खड्ड्यात पाणी जमलं तर त्या दिवशी मशीन बाहेर काढूच नये. माती घट्ट आणि नुसती पाती ओली असतील, तर दोघांनी दोन टोकं धरून लांब दोरी हिरवळीवरून ओढावी. थेंब झडतात, आणि तासाभराच्या उन्हात काम जमतं. श्रावणातल्या ऊन-पावसात ही दोरी फार उपयोगी पडते.

पंधरा दिवस राहिलेलं गवत एकदम बुडापर्यंत कापायचा मोह होतो. तो आवरा. एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. पाते वर चढवून एकदा, आणि चार दिवसांनी खाली उतरवून दुसऱ्यांदा.

विजेवर चालणारं मशीन असेल तर ओल्यात ते लावायचंच नाही. इथे गिऱ्हाइकाची भीड धरू नये. सोललेली वायर नि ओली जमीन म्हणजे जिवाशी खेळ. गडगडाट ऐकू आला की पेट्रोलचं मशीनसुद्धा बंद करून आडोशाला जावं, झाडाखाली नव्हे. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा अंदाज मोबाइलवर मिळतो; विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे. सकाळी चहाच्या वेळी दोन्ही पाहून मगच त्या दिवसाची घरं ठरवावीत.

(हे यंत्र मुळात आलं कापडगिरणीतून! लोकरी कापडावरची लव छाटणारं यंत्र पाहून एडविन बडिंग या इंग्रजाला गवत कापायची कल्पना सुचली. १८३० साली त्याने पेटंट घेतलं. त्याच्या देशात पाऊस बारमाही, तेव्हा ही डोकेदुखी त्यालाही असणारच.)

भिजट दिवसही रिकामे जात नाहीत. जमीन मऊ असते तेव्हा तण मुळासकट निघतं. लवाळा मात्र नुसता उपटून भागत नाही. खालच्या गाठी खुरप्याने काढाव्यात, नाहीतर आठवड्यात पुन्हा हजर! उघडे पडलेले तुकडे हरळीने भरून घ्यायलाही हेच दिवस चांगले. या कामांचे वेगळे पैसे लावता येतात, आणि जरूर लावावेत.

संध्याकाळी मशीन आलं की प्लगची वायर काढून खालचा लगदा लाकडी पट्टीने खरवडावा, कोरडं पुसून पात्याला तेलाचा हात द्यावा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल ओढून घेतं. दोन-तीन आठवडे खंड पडणार असं दिसलं तर टाकी रिकामी करून ठेवलेली बरी, नाहीतर कार्बोरेटर साफ करून घेण्याचा खर्च बसतो.

आणि पोऱ्याच्या पायांकडे पाहा. चपला घालून ओल्या गवतात उभं राहिलं की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. गमबूट घेऊन द्यावेत, घरी आल्यावर पाय धुऊन कोरडे करायला लावावेत. वाढलेल्या गवतात शिरण्याआधी काठी आपटायची सवयही लावावी. या दिवसांत सापकिरडू असतंच.

हस्ताच्या सरी संपल्या की गवताचा जोर ओसरतो. तेव्हा वही काढून चुकलेल्या आणि भरून काढलेल्या खेपा प्रत्येक घराला लिहून द्याव्यात, दिवाळीच्या गडबडीआधीच.