पाय काढला तरी रेस उतरत नाही

आम्हां शेतकऱ्यांपैकी पुष्कळांच्या दारात एखादी जुनी डिझेल पिकअप उभी असते. तिच्यावर भाजी जाते, खत येते, कधी आजारी माणूसही जातो. अशा गाडीची रेस वाढून राहिली, म्हणजे पाय काढला तरी इंजिन गुरगुरतच राहिले, की आपण म्हणतो, "स्क्रू थोडा फिरवा, होईल कमी." आम्हीही तेच म्हटले होते. त्याचे फळ आम्हांला चोर्ला घाटात मिळाले.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस कोबी आणि मिरचीची पोती भरून आम्ही बेळगावहून गोव्याच्या बाजाराला निघालो होतो. घाट उतरताना एका वळणावर गिअर बदलायला क्लच दाबला आणि इंजिन बंद पडले. ब्रेक मारला. पहिल्यांदा लागला, दुसऱ्यांदा थोडा लागला, तिसऱ्या वेळी पेडल दगडासारखे कडक! मागे टनभर माल. क्लच सोडल्यावर चाकांनीच इंजिन फिरवले, ते पुन्हा चालू झाले आणि कशीबशी गाडी कडेला घेता आली. अशा बऱ्याच गाड्यांत ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप आल्टरनेटरच्या पाठीला असतो. इंजिन थांबले की तोही थांबतो. साठलेला व्हॅक्यूम एकदोन दाबांत संपतो आणि पुढे फक्त पायाचा जोर उरतो. हे आम्हांला त्या दिवशी कळले.

इंजिन बंद का पडले? दोन दिवस आधी रेस फार वाढली म्हणून आम्ही गाडी दाखवली होती. मेस्त्रीने आयडलिंगचा स्क्रू मागे घेतला. फरक पडेना, म्हणून आणखी मागे घेतला. खरा बिघाड होता ॲक्सिलरेटरच्या केबलमध्ये. तिच्या आवरणात पावसाचा चिखल आणि गंज जमून ती अर्ध्यात अडकत होती. घाटात गचके बसले, केबल एकदम सुटली, पंपाचा लिव्हर पार मागे गेला, आणि त्याला अडवायला स्क्रू जागेवर नव्हताच.

हे नीट समजून घ्यावे. पायाखालचे पेडल केबल ओढते, केबल डिझेल पंपाचा लिव्हर ओढते. पाय काढला की स्प्रिंग लिव्हरला मागे आणते आणि तो स्क्रूला टेकून थांबतो. दार भिंतीवर आपटू नये म्हणून आपण मागे दगड ठेवतो, तसा हा स्क्रू. दार दगडापर्यंत पोहोचतच नसेल, तर दगड सरकवून काय होणार?

म्हणून पान्हा हाती घेण्याआधी डोळे वापरावेत. गाडी सपाट जागी लावा, चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा. इंजिन बंद असतानाच घरातल्या कुणाला तरी पेडल दाबून सोडायला सांगा आणि आपण पंपापाशी पाहत राहा. लिव्हर झटकन परत येऊन स्क्रूला टेकतो का? न टेकल्यास तो बोटाने ढकलून पाहा. ढकलल्यावर टेकला, तर दोष केबलचा, स्प्रिंगचा किंवा पेडलचा समजावा. पेडलखाली दुमडलेले रबरी मॅट किंवा पोते सापडण्याचे प्रसंग काही कमी नाहीत. डॅशबोर्डवर हँड थ्रॉटलची मूठ असेल, तर ती पूर्ण आत आहे ना, तेही बघा. इंजिनाचे रबरी माउंटिंग तुटले असेल, तर इंजिन सरकते आणि केबल आपोआप ताणली जाते. हे चटकन ध्यानात येत नाही. पेडल मोकळे असताना केबलला किंचित ढिलाई हवीच. तार उसवलेली दिसली तर तेल घालून दिवस काढू नका, केबल बदला.

लिव्हर स्क्रूला नीट टेकूनही रेस जास्तच असेल, तर गाडी गार आहे की गरम ते पाहा. काही पंपांत गार इंजिनासाठी रेस थोडी वाढवणारी सोय असते. पाणी तापल्यावर ती उतरली तर तो बिघाड नव्हे. रेस स्थिर न राहता वरखाली होत असेल, तर डिझेलच्या पाइपातून हवा शिरते आहे का ते तपासावे. काही फार जुन्या पंपांच्या गव्हर्नरमध्ये पातळ पडदा असतो, तो फाटला की इंजिन आवरत नाही. हे काम पंपवाल्याचे. तारेने आणि शिशाने सील केलेल्या स्क्रूला तर हातच लावू नये.

कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाडीची गोष्ट निराळी. तिथे चोक अडकणे किंवा व्हॅक्यूमची रबरी नळी चिरणे ही नेहमीची कारणे.

आमची केबल बदलली आणि मग स्क्रू पुन्हा लावला: इंजिन चांगले तापवून, लॉकनट सैल करून, एका वेळी पाव फेरा. अशा डिझेल इंजिनांना सर्वसाधारणपणे मिनिटाला ७०० ते ८५० फेरे पुरतात. काटा नसेल तर कानाने ठरवावे लागते. दिवे लावून, क्लच दाबून, दोनचार वेळा ब्रेक मारूनही इंजिन थरथरता कामा नये.

आणखी एक प्रसंग क्वचित येतो, पण माहीत असावा. चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, उलट रेस चढतच जाते आणि निळापांढरा धूर सुटतो. अशा वेळी इंजिन स्वतःचेच ऑईल जाळत असते. गाडी उभी असेल तर वरचा गिअर टाका, ब्रेक घट्ट दाबून धरा आणि क्लच सोडा; इंजिन गुदमरून थांबेल. तेही न जमल्यास हवा आत घेणारे तोंड सपाट फळीने झाकावे. हाताने किंवा फडक्याने कधीही नाही. मुलांना दूर पाठवा.

ही सारी तपासणी उघड्यावर करावी. पावसात गाडी शेडमध्ये घेऊन इंजिन चालू ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे, ती सोडायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवले आहे. शिवाय शेजारच्या गोठ्यातल्या जनावरांनाही तोच धूर जातो. बॉनेटखाली वाकताना लुंगीचे टोक किंवा पदर खोचून घ्या. पंख्याच्या पट्ट्यात कापड गेले, तर आवरायला वेळ मिळत नाही.