बेडकांचा व्यापार, बंदिस्त पैदास आणि शेतीचे हित

भातखाचरांत पाणी साचू लागले की बेडकांचे ओरडणे सुरू होते. शेतकरी त्यास पावसाची वर्दी समजतो. परंतु बेडकाची उपयुक्तता तेवढ्यावरच संपत नाही. पिकावरील अळ्या, नाकतोडे व इतर कीटक हे त्याचे नित्याचे अन्न होय. बुलफ्रॉग या नावाने ओळखला जाणारा मोठा पिवळट-हिरवा बेडूक तर बांधांस भोके पाडणारे खेकडे आणि लहान उंदीरही खातो. हा राखणदार शेतकऱ्याकडून काहीच मागत नाही. त्यामुळे त्याचे मोल तो नाहीसा झाल्यावरच कळते.

भारतातून गोठविलेल्या बेडूक-तंगड्यांची निर्यात अनेक वर्षे चालू होती. हा माल अमेरिकेत व युरोपातील देशांत जाई. सन १९८१ मध्ये या निर्यातीने ४,००० टनांची मर्यादा ओलांडली. बेडकाच्या केवळ मागील तंगड्या विकल्या जात आणि उरलेले शरीर टाकून दिले जाई. बेडूक पकडण्याचे काम मुख्यतः पावसाळ्याच्या रात्री दिव्याच्या उजेडात होई. हाच बेडकांच्या विणीचा काळ होय. अंड्यांनी भरलेली एक मादी पकडली गेली म्हणजे तिच्याबरोबर पुढील पिढीचे हजारो जीवही नष्ट होत. बेडूक घटल्यास कीड वाढेल व कीटकनाशकांवरील खर्चही वाढेल, असा इशारा अभ्यासकांनी त्या काळी दिला होता.

वन्य प्राणी व वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधी १९७३ साली वॉशिंग्टन येथे करार झाला. तो ‘सायटीस’ या नावाने ओळखला जातो व १९७५ पासून अमलात आहे. भारत त्यात १९७६ साली सामील झाला. या कराराची तीन परिशिष्टे आहेत. पहिल्यात नामशेष होण्याच्या मार्गावरील जाती असून रानातून पकडलेल्या अशा प्राण्यांचा धंद्यासाठी व्यापार करता येत नाही. दुसऱ्यातील जातींची निर्यात परवान्याखेरीज होत नाही. आणि निर्यातीमुळे त्या जातीस अपाय होणार नाही, अशी तज्ज्ञांची खात्री झाल्यावरच परवाना मिळतो. तिसऱ्यात एखाद्या देशाने स्वतःच्या हद्दीतील रक्षणासाठी नोंदविलेल्या जाती असतात. सन १९८५ मध्ये बुलफ्रॉग दुसऱ्या परिशिष्टात घेण्यात आला आणि १९८७ साली भारताने बेडूक-तंगड्यांची निर्यात बंद केली.

मग कोंबड्यांप्रमाणे बेडूकही पाळून का वाढवू नयेत, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्यातील अडचणी पुष्कळ आहेत. बेडूक हलणारे भक्ष्यच सहसा टिपतो. सबब त्यास जिवंत खाद्य सतत पुरवावे लागते. बुलफ्रॉगचे बेडूकमासे एकमेकांस खातात. दाटीवाटीने ठेवलेल्या प्राण्यांत रोग त्वरेने पसरतो. शिवाय रानातून पकडलेला बेडूक ‘पाळलेला’ म्हणून विकला जाण्याचा धोका असतोच. याच कारणास्तव सायटीसचा नियम कडक आहे. मूळ जोड्या कायदेशीर मार्गाने मिळविलेल्या असाव्यात, त्यांचे मीलन बंदिस्त जागेत झालेले असावे आणि तेथे निदान दुसरी पिढी निपजविता येते हे सिद्ध व्हावे. तरच तो प्राणी ‘बंदिवासात पैदास झालेला’ ठरतो.

जात वाचविण्यासाठी केलेली पैदास मात्र निराळी. टांझानियातील किहान्सी धबधब्याच्या तुषारांत राहणारा एक चिमुकला भेक धरणामुळे पाणी वळविले गेल्यावर संकटात सापडला. सन २००० मध्ये असे ४९९ भेक अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत नेण्यात आले. पुढे रानातील भेकांत बुरशीजन्य रोगही आढळला व २००९ साली ही जात रानातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. प्राणिसंग्रहालयांत वाढविलेले भेक २०१२ पासून मूळ जागी सोडण्यात येऊ लागले. परंतु त्यासाठी तेथे कृत्रिम तुषारांची सोय करावी लागली. यावरून पैदास साधली तरी निवाऱ्याची जागा भरून निघत नाही, हे स्पष्ट होते.

पाळलेले बेडूक वाटेल तेथे सोडणेही हितावह नव्हे. अंदमान बेटांवर बाहेरून पोहोचलेल्या बुलफ्रॉगचे बेडूकमासे तेथील मूळ बेडकांची पिले फस्त करीत असल्याचे आढळले आहे.

गोव्यात व कोकणात पहिल्या पावसानंतर हा बेडूक आजही खाण्यासाठी पकडला जातो. गोव्यात त्यास ‘जंपिंग चिकन’ असे म्हणतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये ही शिकार व विक्री दंडनीय गुन्हा आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट पावसाळ्यापूर्वीच ग्रामसभेत समजावून सांगावी आणि विक्री आढळल्यास वन विभागास कळवावे. शेतकऱ्यांनी विणीच्या दिवसांत डबकी व पाणथळ कोपरे बुजवू नयेत आणि कीटकनाशक पाण्यात मिसळू देऊ नये. बेडकांची सर्वांत स्वस्त पैदास शेताच्या बांधाशीच होत असते. तिला पिंजरा लागत नाही आणि परवानाही लागत नाही.