दर्या आणि दऱ्या : अक्षरांच्या जुन्या संकेतांचे जतन

रायगड जिल्ह्याच्या एका अंगास दर्या आहे व दुसऱ्या अंगास सह्याद्रीच्या दऱ्या. या दोन शब्दांतील भेद किनाऱ्यावरील लहान मुलासही उच्चारावरून कळतो. लेखनात एका शब्दात य च्या माथ्यावर रफार येतो, तर दुसऱ्यात र आडवा होऊन य ला बिलगतो. संगणकाच्या साठ्यात मात्र हा भेद कित्येकदा एका अदृश्य खुणेवर अवलंबून असतो. ती खूण गळाली की ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ हे शब्द ‘सह्याद्रीच्या दर्या’ असे उमटतात. ही खूण कोठून आली हे जाणावयाचे असेल तर अक्षरसंकेतांच्या जुन्या आवृत्त्यांकडे वळावे लागते. आणि त्यासाठी त्या जपलेल्या असाव्या लागतात.

जुने लेखन जपणे म्हणजे काय, हे मोडी दप्तरांवरून चांगले ध्यानात येते. कुलाब्याच्या आंग्र्यांच्या कारभारातील मोडी पत्र शाबूत असले, तरी मोडी न जाणणाऱ्यास ते मुकेच. लेख आणि तो वाचण्याची किल्ली ही दोन्ही राहिली, तरच लेख राहिला असे म्हणता येते.

संगणकास अक्षर ठाऊक नसते. त्यास केवळ अंक ठाऊक असतो. अमुक अंक म्हणजे अमुक अक्षर, असा करार आधी ठरवावा लागतो. भारतीय लिप्यांसाठी असा करार ‘इस्की’ या नावाने झाला. त्याची एक आवृत्ती १९८८ सालची. पुढे १९९१ साली भारतीय मानक म्हणून दुसरी आली. या करारात १७९ म्हणजे क; मग लिपी देवनागरी असो, गुजराती असो वा बंगाली. पुण्यास १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ‘जिस्ट’ नावाच्या कार्डाच्या द्वारे साध्या संगणकावर भारतीय लिप्या आणल्या, त्यामागे हीच योजना होती.

१९९१ साली जगातील सर्व लिप्यांसाठी युनिकोड प्रसिद्ध झाले. त्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९९१ च्या नव्हे, तर १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. अर्थात, आज घरोघरी दूरध्वनीवर मराठी लिहिले जाते, त्याचा पाया एका मागे पडलेल्या आवृत्तीत आहे. युनिकोडात क चा अंक २३२५ आहे, र चा २३५२ आणि ऱ चा २३५३.

आता दऱ्यांकडे वळू. युनिकोडच्या १९९६ सालच्या दुसऱ्या आवृत्तीप्रमाणे आडवा र लिहिण्यासाठी र, हलन्त आणि पुढे सांधा दाखविणारी अदृश्य खूण, असा क्रम होता. पुढील आवृत्त्यांत इस्कीस अनुसरून ऱ व हलन्त ही रीत सांगितली गेली. परंतु जुने लेखन बिघडू नये म्हणून पहिली रीतही कायम ठेवली. डोळ्यास दोन्ही शब्द सारखेच दिसतात. संगणकास ते भिन्न. एका रीतीने लिहिलेला ‘किनाऱ्यावर’ दुसऱ्या रीतीने शोधला तर सापडेलच असे नाही. एखाद्या कार्यक्रमाने निरुपयोगी समजून अदृश्य खूण काढून टाकली, तर अर्थच पालटतो. नियमाची जुनी प्रत हाती असल्यावाचून हा घोटाळा उलगडणे कठीण.

याहून बिकट अवस्था खाजगी टंकांत लिहिलेल्या मजकुराची आहे. अशा टंकांनी इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरांची चित्रे बसविली. कृतिदेव या टंकात म साठी इंग्रजी ई, क साठी डी आणि र साठी जे. तो टंक हरवला की ‘मकर’ या शब्दाच्या जागी ई-डी-जे एवढेच उरते. ग्रंथालयाचा स्मृतिग्रंथ, देवस्थानचा इतिहास, शाळेचा सुवर्णमहोत्सवी अंक, असे कितीतरी साहित्य या रीतीने जुळविले गेले आहे. कागदावरील प्रती झिजतील तेव्हा मूळ संचिकांचीच आठवण होईल.

संगणकास आज्ञा देण्याच्या भाषांनाही हाच न्याय लागू आहे. जुना मजकूर नव्या संकेतात आणणारे कार्यक्रम अशाच भाषांत लिहिलेले असतात. पायथन या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीचा अधिकृत सांभाळ २०२० च्या प्रारंभी थांबला. आणि तीत लिहिलेले पुष्कळ कार्यक्रम तिसऱ्या आवृत्तीत दुरुस्तीवाचून चालत नाहीत. किल्ली घडविणारी हत्यारेही जपावी लागतात, ती यामुळेच. कार्यक्रमांचे मूळ लेखन साठविण्यासाठी फ्रान्समधील इन्रिया या संस्थेने २०१६ साली ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ हा संग्रह उघडला.

गृहस्थाने वा ग्रंथालयाने करावयाचे ते फार अवघड नाही. मूळ संचिका जशीच्या तशी ठेवावी. तीत फेरफार करू नये. तिच्यासोबत टंक ठेवावा, आणि टंकाचे व कार्यक्रमाचे नाव, आवृत्ती व साल एका कागदावर टिपून ठेवावे. एखादे पान छापून जोडावे, म्हणजे मूळ मजकूर कसा दिसत होता याचा साक्षीदार राहील. त्यानंतरच युनिकोडात नवी प्रत करावी आणि ती छापील पानाशी ताडून पाहावी. विशेषतः जेथे आडवा र आहे, तेथे. नवी प्रत नित्य वापरासाठी असते. परंतु तीत शंका उद्भवली, तर निवाडा जुन्या प्रतीवरूनच करावा लागतो.