रोझा वन : मथळ्याचे ठळक अक्षर

बेळगाव-खानापूर मार्गावरील पिरनवाडीतून जाणाऱ्या प्रवाशाला दुकानाचा फलक वाचावयास क्षणभराचाच अवकाश मिळतो, म्हणून तेवढ्यात नजर खेचून घेणाऱ्या अक्षराची घडण पुस्तकी अक्षराहून निराळीच असावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये इश्तिहारांसाठी जी स्थूल अक्षरे ओतली गेली, त्यांचे उभे दंड कमालीचे जाड, जोडरेषा केसासारख्या बारीक आणि टोकांशी सूक्ष्म आडव्या पट्ट्या असत. टिम डोनाल्डसन व ज्योतीश सोनोवाल यांनी घडविलेल्या आणि २०१४ साली इंडियन टाइप फाउंड्रीने प्रसिद्ध केलेल्या ‘रोझा वन’ या अक्षरसंचाने जाडबारीकपणाचा तोच तीव्र विरोध रोमनबरोबर देवनागरीतही आणला. हे काम मोठ्या कसबाचे आहे. कारण बोरूच्या तिरप्या छाटामुळे देवनागरीत जाडी जेथे पडते तेथे ती रोमनमध्ये पडत नाही, आणि ‘क्ष’सारख्या गजबजलेल्या जोडाक्षरात जाडी वाढविली की आतील पोकळी बुजू लागते. मथळ्यास, वेष्टनास, नाटकाच्या जाहिरातीस हे अक्षर फार शोभते; बारीक मजकुरासाठी मात्र ते बिलकूल योजू नये, कारण लहान आकारात त्याच्या नाजूक रेषा हरवतात. त्यात कन्नड लिपी नाही. तेव्हा आमच्या सीमाभागातील द्विलिपी फलकासाठी तोडीस तोड जाडीचे कन्नड अक्षर स्वतंत्रपणे निवडावे लागते.