आधी मान कोणाचा?

आपले गाव भारताच्या मध्यावर आहे, याचा नागपूरकराला संत्र्यांइतकाच अभिमान असतो. पण मध्यावर बसणाऱ्याला नुसता मान मिळत नाही, कामही अंगावर पडते. चहूकडून आलेले घ्यावयाचे, निवडावयाचे आणि ज्याचे त्याला रवाना करावयाचे!

हे काम नागपूरने एकेकाळी फार नामी केले. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची विमानटपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री विमाने निघत, सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. चार शहरे एकमेकांशी थेट जोडावयाची तर सहा मार्ग लागले असते. नागपूर मध्ये घेतल्याने चारांत भागले. १९७३ मध्ये ही सेवा बंद झाली.

आज तुमच्याआमच्या फोनमधला मजकूरही अशाच लहान लहान थैल्यांतून जातो. या थैलीला पॅकेट म्हणतात, आणि वाटेत तिची निवड करणाऱ्या यंत्राला राउटर. फरक सवडीचा आहे. सेकंदाला १० अब्ज बिट वाहणाऱ्या तारेवर लहानात लहान पॅकेटे लागोपाठ आली, तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४९ लाख होतात. एकेकाच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद येतात. तेवढ्या वेळात प्रकाशदेखील जेमतेम २० मीटर जातो!

आणि नुसता पत्ता वाचून भागत नाही. कोणाला आत घ्यावे, कोणाला अडवावे, कोणाला पुढे काढावे, यांचे नियम असतात. यंत्र ही यादी वरून खाली वाचते. जो नियम पहिल्यांदा लागू पडेल तो अमलात आणते आणि तेथेच थांबते. म्हणजे नियमाचा क्रम हाच एक नियम झाला.

शून्याचा आनंद

अशा याद्या तपासणे हा माझा धंदा आहे. नागपुरातील एका कचेरीत (नाव कशाला सांगू?) मी यादी पाहिली. चौथा नियम होता, "आमच्या शाखांतून येणारे प्रत्येक पॅकेट आत घ्या." एकोणिसावा होता, "हिशेबाच्या संगणकाकडे बाहेरून कोणासही जाऊ देऊ नका." एकोणिसाव्यापुढे यंत्राने आकडा मांडला होता, शून्य. व्यवस्थापक खुशीत म्हणाले, "पाहा साहेब, वर्षभरात एकही चोर फिरकला नाही!"

चोर फिरकला की नाही, हे त्या शून्यावरून कळण्यासारखेच नव्हते. शाखेतून येणारे प्रत्येक पॅकेट चौथ्याच नियमाने आत जात होते. एकोणिसाव्यापर्यंत ते पोचतच नव्हते. शाखेतील एखाद्या संगणकाला विषाणूची बाधा झाली असती, तर तिजोरीची वाट मोकळी होती. कागदावर पहारेकरी होता, दाराशी नव्हता. म्हणून पहिला धडा हा, की अपवाद वर आणि सर्वसाधारण नियम खाली.

घाईचे गणित

दुसरा धडा वेगाचा. शंभर नियमांची यादी घ्या. दर शंभर पॅकेटांपैकी ८० पॅकेटे नव्वदाव्या नियमाला जुळतात, असे समजा. तेवढ्यांसाठीच ७,२०० तपासण्या झाल्या. तो नियम पहिला केला, तर त्यांचे काम ८० तपासण्यांत उरकते. उरलेल्या वीस पॅकेटांना फार तर एकेक तपासणी जादा पडते. मात्र एक पथ्य आहे. ज्या नियमाशी त्याचा विरोध आहे, त्याला ओलांडून तो वर नेता येत नाही. घाईपायी निकालच बदलला, तर ती घाई काय कामाची?

पण यादी हजारोंची झाली, की क्रम लावून पुरत नाही. तेथे टपालखात्याचे शहाणपण उपयोगी पडते. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. ४४० दिसले, की थैली नागपूरची. कलकत्त्याच्या कारकुनाला धरमपेठ ठाऊक असण्याचे कारण नाही. सगळी यादी वाचायची नाही, थेट खण गाठायचा.

पवईच्या आयआयटीतून १९८१ मध्ये पदवी घेतलेले जॉर्ज वर्गीस यांनी श्रीनिवासन व सुभाष सुरी यांच्यासह १९९९ मध्ये नियमांसाठी अशीच रीत मांडली. ज्या नियमांत पत्त्याचे सारखेच आकडे तपासायचे, ते सारे एका खणात. मग प्रत्येक खणात एकदाच डोकवावयाचे. पुढे तीत आणखी एक युक्ती आली. खणावर त्यातील सर्वांत मानाच्या नियमाचा दर्जा लिहावयाचा आणि वरच्या दर्जाचे खण आधी पाहावयाचे. हाती लागलेला नियम उरलेल्या सर्व खणांहून वरचा ठरला, की पुढचे खण उघडायचेच नाहीत! 'ओपन व्ही-स्विच' या प्रणालीत ही रीत वापरली जाते.

सारे नियम एकाच क्षणी ताडून पाहणारी खास स्मृतीही आहे. ती महाग, आणि वीजही फार खाते. पण तिच्यातही दोन नियम एकदम जुळले, तर वरचाच जिंकतो.

तेव्हा ज्यांच्या कचेरीत अशी यादी असेल त्यांनी वर्षातून एकदा ती वाचावी. प्रत्येक नियमापुढे तो का केला ते लिहावे, शेवटी "बाकी सर्व अडवा" आहे ना ते पाहावे, आणि जेथे शून्य दिसेल तेथे आधी वरचे नियम तपासावेत.